भिंतीच्या आसऱ्याला आलेली वीज

वायरमनच्या खिशाला अडकवलेला टेस्टर आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. प्लगच्या भोकात टोक घातलं, मागच्या टोपीला बोट टेकवलं, की मुठीच्या आत एक नारिंगी ठिपका उजळतो. तो ठिपका म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या कुपीत, जवळजवळ उभ्या केलेल्या दोन तारांमधून, निऑन वायूतून जाणारी वीज. हात भाजत नाही, कडकडाट होत नाही. आषाढात ढगातून कोसळते ती वीज आणि हा ठिपका एकाच कुळातले. दोन्ही प्लाझ्मा, म्हणजे ज्यातल्या काही अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटून मोकळे झाले आहेत असा वायू. एकीला आकाशभर जागा आहे, दुसऱ्याला मिलिमीटरभर.

ही जागा आणखी आवळत नेली, अगदी मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागापर्यंत, तर काय होईल? भौतिकशास्त्रात ज्याला मायक्रोप्लाझ्मा म्हणतात त्या शाखेची सुरुवात या प्रश्नापासून होते. पण हा प्रश्न नीट विचारला गेला तो १९९०च्या दशकात. त्याचं उत्तर मात्र त्याआधीच तीस वर्षं एका पडद्यावर लुकलुकत होतं. शोध आधी आणि प्रश्न मागाहून, असा हा उलटा प्रवास आहे.

सुरुवात १८५७ सालापासून करावी लागेल. वेर्नर सीमेन्स हा मूळचा तारयंत्राचा माणूस. त्यानं त्या वर्षी एक साधं दिसणारं उपकरण प्रसिद्ध केलं. काचेच्या एका नळीत जराशी बारीक दुसरी नळी. बाहेरच्या नळीला बाहेरून आणि आतल्या नळीला आतून धातूचा वर्ख. दोन काचांमधल्या अरुंद पोकळीतून हवा किंवा ऑक्सिजन सोडायचा आणि वर्खांना सतत उलटसुलट होणारा विद्युतदाब द्यायचा. मेख अशी की धातूची आणि वायूची कुठंही गाठ पडत नव्हती. मध्ये काच होती, आणि काचेतून वीज वाहत नाही. त्यामुळे ठिणगी पडायची, पण फोफावण्याआधीच काच तिचा रस्ता अडवायची. नळीत मंद उजेड दिसायचा आणि दुसऱ्या टोकानं ओझोन बाहेर पडायचा. पुढे ओझोन पाण्यातले जंतू मारतो हे कळलं आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रान्समधल्या नीस शहराचं पिण्याचं पाणी याच तत्त्वावर शुद्ध होऊ लागलं.

सीमेन्सला तो उजेड सलग दिसला. तो सलग नव्हता. प्रत्यक्षात त्या पोकळीत केसासारख्या बारीक, असंख्य ठिणग्या पडत होत्या, आणि प्रत्येकीचं आयुष्य सेकंदाच्या एका कोट्यंशाहूनही कमी होतं. म्हणजे मायक्रोप्लाझ्मा तिथं होताच. तो पाहायला लागणारे डोळे अजून यायचे होते. (अशाच काचेच्या नळ्या पुढे बनारस हिंदू विद्यापीठात श्रीधर सर्वोत्तम जोशी या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी वापरल्या. नळीत क्लोरीन भरून त्यावर साधा उजेड टाकला की तिच्यातला प्रवाह घटतो, हे त्यांनी दाखवलं. ‘जोशी परिणाम’ या नावानं ते निरीक्षण ओळखलं जातं. आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकांत मात्र त्याला जागा मिळालेली मी पाहिलेली नाही.)

दुसरा दुवा १८८९चा. फ्रीडरिश पाशेन या चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं स्ट्रासबुर्गला एक चिकाटीचं काम केलं. हवा, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड या वायूंत, वेगवेगळ्या दाबाला, ठिणगी पडायला किती व्होल्ट लागतात ते त्यानं मोजलं. निष्कर्ष अनपेक्षितपणे सुटसुटीत निघाला. लागणारा विद्युतदाब एकट्या अंतरावर ठरत नाही, एकट्या वायूच्या दाबावरही ठरत नाही; तो ठरतो त्या दोघांच्या गुणाकारावर. दाब दसपट केला आणि अंतर दहाव्या हिश्शावर आणलं तर व्होल्ट तेच.

कारण समजायला जत्रेतली गर्दी डोळ्यांसमोर आणावी. गर्दी फार दाट असेल तर धावणाऱ्याला वेगच घेता येत नाही, पावलागणिक धक्का. मैदान अगदी रिकामं असेल तर वेग घेता येतो, पण धक्का द्यायला कुणी नाही. इलेक्ट्रॉनचंही असंच. वाटेत पुरेशा टकरा हव्यात आणि दोन टकरांच्या मध्ये पुरेशी धावही हवी. दोन्हींचा मेळ जमतो तिथं सर्वांत कमी व्होल्ट लागतात. हवेसाठी हा नीचांक सुमारे ३२७ व्होल्ट. नेहमीच्या हवेत एक सेंटिमीटर अंतरावर ठिणगी पाडायला तीस हजार व्होल्टच्या आसपास लागतात. पण तेच अंतर साडेसात मायक्रोमीटरवर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शावर आणलं, तर पाशेनच्या हिशेबानं साडेतीनशे व्होल्टही पुरतात.

गुणाकार कमी करायचे दोन मार्ग होते. दाब कमी करा किंवा अंतर कमी करा. केसाच्या दहाव्या हिश्शाची फट नेमकी राखणं त्या काळात कुणाच्या आवाक्यातलं नव्हतं. हवा उपसणारा पंप मात्र प्रत्येक प्रयोगशाळेत होता. म्हणून जगानं पहिला मार्ग धरला. निऑनच्या पाट्या, ट्यूबलाइट, पुढे संगणकाच्या चिप कोरणारी यंत्रं, सगळी विरळ वायूत चालली. अमेरिकेत स्केनेक्टडीच्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्यूरनं १९२८ साली या चमकत्या वायूला ‘प्लाझ्मा’ हे नाव दिलं, तेव्हा त्याच्या समोरही विरळ वायूच्याच नळ्या होत्या. नाव त्याला सुचलं रक्तातल्या प्लाझ्म्यावरून. त्यामुळे २०२०च्या साथीत आपल्या वर्तमानपत्रांतून ‘प्लाझ्मा’ म्हणजे रक्ताची पिशवी असा अर्थ रुळला, तो अगदीच परका नव्हता. शब्द आपल्या जुन्या घरी परतला एवढंच.

पंपाच्या वाटेनं गेलेल्यांना भिंत नकोशी वाटे. भिंतीला टेकला की प्लाझ्मा निवतो, इलेक्ट्रॉन गमावतो, मरतो. पुढे अणुसंमीलनाच्या मागे लागलेल्यांनी तर प्लाझ्मा भिंतीपासून दूर तरंगत ठेवायला प्रचंड चुंबकं उभारली. गांधीनगरचं ‘आदित्य’ हे यंत्र त्याच जातीचं. भिंत हा शत्रू, हा त्या क्षेत्राचा जणू संस्कारच झाला. तो मोडला शाळेच्या गरजेनं.

१९६० साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर या पंचविशीतल्या इंजिनिअरनं संगणकाकरवी शिकवण्याचा घाट घातला. प्रकल्पाचं नाव प्लेटो. सुरुवातीला त्या प्रचंड यंत्रापुढे एकच विद्यार्थी बसू शकत होता, दुसऱ्या आवृत्तीत दोघं. बिट्झरला हजारो हवे होते. अडचण डोक्याची नव्हती, पडद्याची होती. टीव्हीच्या नळीवर चित्र स्थिर दिसावं म्हणून ते सेकंदाला कितीतरी वेळा पुन्हा रंगवावं लागतं, आणि त्यासाठी ते कुठंतरी साठवलेलं असावं लागतं. ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचं काळं-पांढरं चित्र म्हणजे २,६२,१४४ ‘हो-नाही’, आजच्या मापानं ३२ किलोबाइट. आज एवढ्या स्मृतीला कुणी विचारणार नाही. त्या काळी मात्र प्रत्येक विद्यार्थ्यामागे एवढी चुंबकीय स्मृती द्यायची तर शाळाच विकावी लागली असती.

१९६४ मध्ये बिट्झर, त्याचा सहकारी जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन हा पीएचडीचा विद्यार्थी यांनी प्रश्नच उलटा केला. चित्राची आठवण संगणकानं ठेवायची कशाला? पडद्यानंच ठेवावी. त्यांनी पातळ काचेत एक बारीक भोक पाडलं, वरखाली दुसऱ्या काचा लावल्या, भोकात वायू भरला आणि तारा काचेच्या बाहेरच्या अंगाला बसवल्या. रचना जवळजवळ सीमेन्सचीच, आकार मात्र खसखशीच्या दाण्याएवढा.

यातली युक्ती भिंतीत होती. बाहेरून पुरेसा विद्युतदाब दिला की भोकातला वायू पेटतो आणि इलेक्ट्रॉन एका बाजूच्या काचेवर जाऊन चिकटतात. तो साठलेला भार बाहेरच्या दाबाला विरोध करतो आणि सेकंदाच्या दशलक्षांश भागात ठिणगी विझते. पण पुढच्याच क्षणी बाहेरचा दाब उलटतो, आणि आता काचेवरचा भार विरोधक राहत नाही, मदतनीस होतो. परतणाऱ्या झोक्याला नेमक्या वेळी हात लावावा तसा तो दाबात भर घालतो. वायू पुन्हा पेटतो, भार दुसऱ्या भिंतीवर जातो, पुन्हा विझतो. म्हणजे एकदा पेटवलेलं भोक थोड्या दाबावरही पेटत राहतं, आणि न पेटवलेलं त्याच दाबावर अंधारं राहतं. भिंतीला आठवतं. इतरांनी ज्या भिंतीपासून प्लाझ्मा जपला, त्याच भिंतीच्या अंगावर इलिनॉयच्या मंडळींनी त्याची आठवण लिहिली. विल्सनचा १९६६चा प्रबंध आणि त्याच वर्षी बिट्झर व स्लॉटो यांनी एका संगणक परिषदेत मांडलेला निबंध यांत ही रचना आहे. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा क्षण वाटतो. तोही पैसे वाचवण्याच्या गरजेतून आला, ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला नवल वाटण्यासारखी नाही.

ओहायोतल्या ओवेन्स-इलिनॉय या काच कंपनीनं असे पडदे बनवायला घेतले आणि १९७२च्या सुमारास प्लेटोच्या चौथ्या आवृत्तीत ते विद्यार्थ्यांपुढे आले. टेस्टरच्या ठिपक्याचाच नारिंगी रंग, कारण वायू मुख्यतः निऑनच. कडेनं अवरक्त किरणांची जाळी होती. बोट कुठं टेकलं ते पडद्याला कळायचं. सत्तरच्या दशकात मुलं सपाट पडद्याला हात लावून धडे घेत होती, निरोप धाडत होती, एकमेकांशी खेळत होती. आयबीएमनं १९८३ साली असाच नारिंगी पडदा आपल्या कार्यालयीन संगणकांसाठी आणला.

रंग यायला जपान लागलं. भोकात झेनॉन मिसळला की अतिनील किरण निघतात, आणि भोकाच्या भिंतीला लाल, हिरवी, निळी चमकणारी पूड फासली की त्या किरणांचा दिसणारा उजेड होतो. १९९२ साली फुजित्सू कंपनीत त्सुताए शिनोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ इंची रंगीत पडदा सिद्ध केला. पुढची कथा दुकानांच्या काचेतून आपणही पाहिली आहे. भिंतीवर टांगायचा ‘प्लाझ्मा टीव्ही’, त्याची किंमत, एलसीडीशी तुलना, आणि मग उतरण. पॅनासॉनिकनं २०१३च्या अखेरीला उत्पादन थांबवलं, सॅमसंग आणि एलजी २०१४ मध्ये बाजूला झाले. बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन यांना २००२ साली दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार मिळाला, तेव्हा स्लॉटो हयात नव्हते.

पण एका पूर्ण एचडी पडद्यात बासष्ट लाखांहून अधिक भोकं असत, प्रत्येक पाव मिलिमीटरहूनही अरुंद, आणि त्यांतल्या वायूचा दाब आपल्या हवेच्या निम्म्याहून अधिक. एवढ्या दाबावर, एवढ्या लहान जागेत, लाखो प्लाझ्मे वर्षानुवर्षं शांत जळत होते. मालिका बघणाऱ्यांना त्याचं काय? आणि भौतिकशास्त्रज्ञांनीही तो बराच काळ उपकरणाचा तपशील मानला, निसर्गाचा नव्हे.

तपशील नव्हता तो. दाट वायूत प्लाझ्मा टिकवणं फार अवघड. कुठं जरासा भाग जास्त तापला की तिथला वायू विरळ होतो, तिथून अधिक वीज वाहते, तो आणखी तापतो, आणि बघता बघता सगळा प्रवाह एका झगझगीत कमानीत गोळा होतो. वेल्डिंगची ठिणगी ती हीच. अरुंद भोकात हे होत नाही. उष्णता साठायच्या आत भिंत ती ओढून घेते. वायू कोमटच राहतो, इलेक्ट्रॉन मात्र हजारो अंशांच्या ऊर्जेनं धावत असतात. एका जागी दोन तापमानं. रसायनं घडवायला आणि प्रकाश मिळवायला याहून सोयीचं काय हवं!

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या व्हाइटनं १९५९ साली पोकळ ऋणाग्र, म्हणजे भोक असलेलं विजेचं ऋण टोक, लहान केल्यावर काय होतं ते तपासलं होतं. ते काम तसंच पडून राहिलं. १९९६ साली व्हर्जिनियातल्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठात कार्ल शोएनबाख यांच्या गटानं तो धागा उचलला. धातूचे दोन पातळ थर, मध्ये विजेला अडवणारा थर, आणि तिन्हींतून आरपार बारीक भोक. त्यात इलेक्ट्रॉन समोरासमोरच्या भिंतींमध्ये लंबकासारखे येरझारा घालतात आणि दर फेरीत नवे अणू फोडतात. पुढच्याच वर्षी गॅरी ईडन आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनमध्ये कोरलेल्या भोकांत प्लाझ्मा पेटवला. विद्यापीठ? इलिनॉय. बिट्झरचंच.

वेळ का जुळून आली हे उघड आहे. १८८९ मध्ये जी फट कुणाला बनवता येत नव्हती, ती आता चिप बनवणारे ठोक भावात कोरत होते. सिलिकॉनमध्ये रसायनांनी उलट्या पिरॅमिडसारखे खड्डे पाडता येतात. ईडन आणि सुंग-जिन पार्क यांच्या प्रयोगशाळेत पन्नास मायक्रोमीटर बाजूच्या खड्ड्यांच्या ५०० गुणिले ५०० ओळी झाल्या, म्हणजे अडीच लाख दिवे. त्यानंतर त्यांनी स्वयंपाकघरातल्यासारखी ॲल्युमिनियमची फॉइल घेतली, तिच्यावर ऑक्साइडचा थर चढवला आणि तिच्यातच वळणारे, कागदासारखे दिवे केले. २००३ साली जपानमध्ये या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. विषयाला नाव आणि गाव दोन्ही मिळालं.

त्यानंतर वाटा फुटल्या. २००५ मध्ये शंकरन आणि जियापिस यांनी कॅलिफोर्नियात सूक्ष्म प्लाझ्म्यातून सिलेन वायू सोडला आणि निळे चमकणारे, काही नॅनोमीटरचे सिलिकॉन कण मिळवले. वायू त्या भोकातून क्षणात पार होतो. कणाला वाढायला सवडच मिळत नाही, म्हणून सगळे सारखे आणि लहान.

लोकांना भुरळ पडली ती प्लाझ्म्याच्या ‘पेन’ची. आइंडहोव्हनमध्ये एव्हा स्टॉफेल्स यांची प्लाझ्मा सुई २००२ची, व्हर्जिनियातल्या मौनिर लारुसींची पेन्सिल २००५ची. हेलियमच्या झोतात निळसर-जांभळी शिखा, आणि तिच्यात बोट धरलं तरी भाजत नाही. २००५ मध्येच जर्मनीत वूपरटाल इथं या शिखेचे अतिवेगवान फोटो काढले गेले तेव्हा शिखा नाहीशीच झाली! दिसल्या त्या सेकंदाला दहाहून अधिक किलोमीटर वेगानं सुटणाऱ्या सुट्या गोळ्या. सीमेन्सच्या नळीतल्या उजेडासारखाच हाही डोळ्यांचा भ्रम निघाला. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डमध्ये घडलेलं असं पेन २०१३ पासून युरोपात वैद्यकीय साधन म्हणून जखमांवर वापरता येतं. मधुमेहानं पायाला पडणाऱ्या जखमांवर त्याची चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. जखमा नेहमीच्या उपचारापेक्षा लवकर भरल्या. पण संसर्ग कमी होण्यात ठोस फरक दिसला नाही. ‘जंतू जाळणारा प्लाझ्मा’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी हे दुसरं वाक्यही वाचायला हवं. बहुधा काम जंतूंवर कमी आणि पेशींना चेतवण्यात जास्त होत असावं.

कागदासारख्या दिव्यांचं घरगुती स्वप्न एलईडीनं मोडलं. इतक्या स्वस्त झालेल्या दिव्यापुढे दुसरा टिकणं कठीण. पण मायक्रोप्लाझ्मा जे करू शकतो ते एलईडीला अजून जड जातं. दाट वायूत दोन अणू क्षणभर जोडीनं राहतात आणि विभक्त होताना ठरावीक अतिनील प्रकाश सोडतात. क्रिप्टॉन-क्लोरीनची जोडी २२२ नॅनोमीटर तरंगलांबीचा देते. हे किरण जंतूंना मारतात, पण त्वचेच्या वरच्या मृत थरातच अडकतात. २०२० मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गटानं हवेत तरंगणाऱ्या, साध्या सर्दीच्या कोरोना विषाणूंवर ते वापरून दाखवले. माणसं बसलेली असताना खोलीची हवा शुद्ध करणारा दिवा म्हणून या तरंगलांबीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, आणि इलिनॉयच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या कंपनीचे सपाट दिवेही त्या शर्यतीत उतरले.

दरम्यान ईडन आणि पार्क यांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत बारीक खोबणी कोरून त्यांतून हवा सोडली आणि ओझोन काढला. सीमेन्सचीच नळी, हातात मावणारी. गावाच्या पाणीयोजनेऐवजी एका टाकीला पुरेल अशी.

२२२ नॅनोमीटरच्या दिव्यांची मोजमापं २०२३ पासून प्रसिद्ध होत आहेत. हे किरण हवेतल्या ऑक्सिजनचे रेणू फोडतात आणि बंद खोलीत थोडा थोडा ओझोन साठू लागतो. १८५७ साली जो वायू मिळावा म्हणून सीमेन्सनं नळीत नळी घातली होती, तो बाहेर जावा म्हणून आता दिव्याबरोबर खिडकी किती उघडी ठेवायची, याचे हिशेब चालू आहेत.